उजनीच्या उथळ पाण्यात दत्ताची होडी

इरा आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर इराने विचारलं, "आजी, सोलापुरात समुद्र नाही. मग दत्ताआजोबांची होडी चालते कुठे?" तेवढ्यात दाराशी सिलिंडरवाला आला, म्हणून मी नंतर सांगते म्हणाले. ते आता लिहूनच काढते आहे. प्रवास तीन दिवसांचाच आहे आणि आपल्या जिल्ह्याच्या बाहेर जात नाही. बाबा वाचून दाखवेल. मधे थांबून त्याने स्वतःच्या आठवणी घालू नयेत, एवढं त्याला माझ्यातर्फे सांगा.

सोलापूर

दत्ता माझा धाकटा भाऊ. नीलच्या बारशाला ज्याने पाळण्याच्या कड्यांना बेअरिंग बसवून दिले, तो. त्याने सगळा जन्म कापडगिरणीत मागांची देखभाल केली आणि निवृत्त झाल्यावर अंगणात होडी बांधायला घेतली. का, ते कुणाला कळलं नाही. आमच्या घराण्यात कुणी होडीत बसलेलंसुद्धा नव्हतं. इंटरनेटवरून आराखडे उतरवून घेतले, प्लायवूड आणलं, आणि दोन वर्षांत सोळा फुटांची शिडाची होडी उभी राहिली. सोळा फूट म्हणजे पाण्यावर काही नव्हे, पण अंगणात फार होतात. त्याच्या बायकोच्या, शैलाच्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या आणि तुळशीवर दुपारपर्यंत ऊन येईनासं झालं.

आता होडीची एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. शिडाच्या होडीला पोटाखाली एक उभं पातं लागतं. त्याला कील म्हणतात, दत्ता पातंच म्हणतो. वारा होडीला बाजूने ढकलत असतो. पातं नसेल तर होडी पुढे जायच्या ऐवजी खेकड्यासारखी तिरकी सरकते, आणि जोराची झुळूक आली की कलंडते. पातं पाण्याला धरून राहतं आणि जड असल्यामुळे होडीला सरळ उभीही ठेवतं. पण त्याला खोल पाणी हवं. उजनीच्या धरणाचं पाणी भीमेच्या वरच्या अंगाला मैलोन्‌मैल पसरलं आहे, आणि ते काठाकाठाने इतकं उथळ आहे की बगळे उभे राहिले तर त्यांचे गुडघे कोरडे दिसतात. संक्रांतीनंतर पाणी उतरायला लागतं, रोज थोडं मागे सरकतं, आणि मागे चिखल ठेवून जातं.

मागच्या वर्षी होडीला कायमचं बसवलेलं पातं होतं. ती काठापासून दोनशे पावलांवर चिखलात रुतली आणि दोर लावून ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. सगळं गाव बघायला आलं होतं. कुणीतरी त्याचं चित्रण केलं आणि ते फिरत फिरत शैलाच्या भिशीतल्या बायकांपर्यंत पोचलं. त्या दिवसापासून दत्ता घरात कमी बोलायला लागला.

पण हात चालूच होते. त्याने होडीच्या पोटाला लांबट फट पाडली, फटीवर आत गुडघ्याएवढी उंच, अरुंद लाकडी पेटी बसवली, आणि त्या पेटीतून खाली-वर होणारं लोखंडी पातं केलं. खोल पाण्यात पातं खाली सोडायचं, उथळ आलं की वर ओढून पोटात घ्यायचं. ओढायला चादरीच्या मागाचं जुनं दातेरी चाक, त्याला दांडा आणि मागे फिरू नये म्हणून खिट्टी. हे सगळं त्याच्या ओळखीच्या श्रीनिवासने जुळवून दिलं. श्रीनिवासच्या घरी तेलुगू बोलतात आणि तीन पिढ्या मागावर गेल्या आहेत. चाक देताना तो म्हणाला, "काका, ह्या चाकानं जन्मभर चादर गुंडाळलीय. आता म्हातारपणी त्याला आंघोळीला नेताय की."

मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा फ्रिसलंडच्या तळ्यावर साधारण तशाच होड्या पाहिल्या होत्या. तिथे पातं पोटात नसतं, दोन्ही बाजूंना बदकाच्या पंखांसारख्या फळ्या लावलेल्या असतात, हवी ती फळी खाली सोडतात. मी दत्ताला हे सांगितलं होतं. त्यामुळे या उद्योगाचा थोडा दोष माझ्याकडे येतो, असं शैलाचं मत आहे.

फेब्रुवारीत शैलाने विषय मिटवायचं ठरवलं. कोकणातल्या एका पर्यटन-निवासाच्या मालकाला होडी हवी होती, तो दर आठवड्याला फोन करायचा. शैलाने अट घातली: होडीने उजनीचं पाणी ओलांडून पलीकडच्या काठाला टेकायचं आणि परत यायचं. मोटार लावायची नाही, कुणी दोर लावून ओढायचं नाही. जमलं तर होडी राहील. नाही जमलं तर रविवारी त्या माणसाला बोलवायचं.

दत्ता म्हणाला, "कबूल. नाही जमलं तर मीच त्याला फोन करीन." आणि मग मला म्हणाला, "अक्का, तू बरोबर चल. होडीत एक माणूस बसायला पाहिजे, आणि शैला काही बसणार नाही."

तुमचे आजोबा घरी राहिले. पाणी पेल्यात असलेलंच बरं, असं त्यांचं म्हणणं आहे.

टेंभुर्णीच्या वाटेवर

जीपमागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, होडीवर आडवी बांधलेली डोलकाठी. मी डब्यांची यादी केली होती: शेंगापोळ्या, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, लिंबं, औषधं. शिवाय एका पिशवीत ओटीचं सामान, कारण नव्या वस्तूची सुरुवात तशीच कोरडी करायची मला सवय नाही. तांदूळ, नारळ, खण, आणि पाच हळकुंडं, पाच सुपाऱ्या, पाच खारका.

ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे आम्ही रांगत होतो. मोहोळच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावरचा माणूस होडीभोवती एक फेरी मारून आला.

"आज्जी, हिला पेट्रोल कुटं घालायचं?"

"हिला पेट्रोल लागत नाही. वाऱ्यावर चालते."

"मग टायरात भरायचा तो वारा भरू का थोडा?"

शैला पुढच्या सीटवर होती. ती कितीतरी वेळ खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. दत्ताने मात्र त्या माणसाला उतरून सगळं पातं समजावलं, चाक फिरवून दाखवलं. मागे दोन मोटारसायकली हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या. शेवटी तो माणूस गंभीरपणे म्हणाला, "चांगलं हाय. आमच्या हिरीवरच्या मोटरीला असलं पायजे, पानी खाली गेलं की आपोआप खाली जानारं."

दत्ताला इतकं समाधान कुठल्याही बक्षिसाने झालं नसतं.

काठावर

दत्ताच्या गिरणीतल्या जुन्या सहकाऱ्याची करमाळ्याच्या बाजूला केळीची बाग आहे, पाण्याला लागूनच. ते स्वतः मुलाकडे गेले होते, पण दोन खोल्या आमच्यासाठी उघडून ठेवल्या होत्या. बागेत शिरलं की उन्हाळा एकदम बाहेर राहतो. पानांच्या मधून पाण्याचा पांढरा पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्यावर दूर एक गुलाबी रेघ. चष्मा पुसून पाहिलं तर ती रेघ म्हणजे रोहित पक्षी होते, शेकड्यांनी, माना खाली घालून चरत असलेले.

तिथे हौसाबाई भेटल्या. वय पन्नाशीच्या पुढे, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात सुतळीसारखे पिळदार. त्या आणि त्यांचे मालक पत्र्याच्या छोट्या होडीतून जाळी टाकतात. मालकांना सर्दी झाली होती म्हणून त्या एकट्याच जात होत्या. आमची होडी ट्रेलरवर बघून त्या थांबल्या आणि पात्याला बोट लावून पाहिलं.

"ह्ये कशाला?"

दत्ताने सांगितलं.

"आन आमची बिनपात्याची कशी जाती मग?"

"तुम्ही बांबू रोवून ढकलता. माझी वाऱ्यावर जाते."

"वारा न्हाय आला तर?"

"थांबायचं."

हौसाबाईंनी शैलाकडे पाहिलं. "बाई, तुमचं मालक लई निवांत हायती."

"जन्मभर नव्हते," शैला म्हणाली. "आत्ताच झालेत."

रात्रीच्या जेवणाला हौसाबाईंनी चिलापी मासा आणून दिला, तिखट लावून तव्यावर परतलेला. दत्ताने तो खाल्ला. गिरणीत असताना डबा वाटून खायच्या काळात तो हे शिकला, त्याबद्दल घरात अजून कुणी बोलत नाही. मी आणि शैलाने भाकरी, चटणी आणि बागेतलं केळं खाल्लं. तुमच्याकडे मासा गोठवलेला, चौकोनी कापलेला मिळतो, त्याला डोकं नसतं. इथे तो ताटात आपल्याकडे बघत असतो. सवयीचा भाग आहे.

ओटी

सकाळी सात वाजता होडी पाण्यात लोटायची होती. हौसाबाई जाळ्याकडे जाता जाता थांबल्या, होडीच्या टोकाला हळदकुंकू लावलं आणि निघून गेल्या. दत्ता डोलकाठी उभी करण्यात गुंतला होता. शैला चहाची भांडी विसळत होती. मी ओटीची पिशवी घेऊन आले.

आता होडीची ओटी भरायची कुठे? बाईला पदर असतो. देवीला पुढ्यात ताट ठेवता येतं. मी होडीत डोकावले, तर मधोमध ती उंच, वरून उघडी पेटी. मला ती जागा अगदी बरोबर वाटली. पोटाशी, मधोमध. मी पेटीत पाच ओंजळी घातल्या. नारळ आत जाईना म्हणून तो खणासह टोकाशी ठेवला, नमस्कार केला. ट्रेलरखाली बागेतल्या कोंबड्या जमून तांदूळ टिपू लागल्या, कारण पेटीला खाली फट होती. मला ते शुभच वाटलं. खाली फक्त तांदूळ पडले आहेत, हे मी पाहिलं होतं. बाकीचं कुठे गेलं, हा विचार मात्र मनात आला नाही.

दत्ताला मी काही सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. तो घाईत होता.

पाण्यावर

होडी पाण्यात गेली. थोडं खोल आल्यावर दत्ताने खिट्टी काढली आणि पातं खाली सोडलं. जाताना जरा खरखर झाली. "नवा रंग आहे, घासतोय," तो म्हणाला. शीड फडफडलं, मग एकदम गच्च भरलं, आणि होडी निघाली.

आवाज नाही, हे मला आधी कळलंच नाही. जीप, पंप, ट्रॅक्टर, घरातला मिक्सर, सगळ्यांची इतकी सवय असते की त्यांच्याशिवाय आपण पुढे सरकतो आहोत हे खरं वाटत नाही. पाणी होडीच्या अंगाला चाटत होतं तेवढाच आवाज. होडी एका बाजूला कलली तशी मी फळी घट्ट धरली.

"पडत नाही, अक्का. खाली पातं आहे."

"किती कलते?"

"तुला भीती वाटते त्याच्या दुप्पट कलू शकते."

भूगोल मी इंग्रजीतून शिकले आणि तीस वर्षं इंग्रजीतूनच शिकवला. नदी, पाणलोट, गाळ, सगळं फळ्यावर काढलं. पण गाळ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मधे पाणी हिरवट, खोल, आणि जसजसा पलीकडचा काठ जवळ आला तसं ते दुधाच्या चहासारखं झालं. दत्ताने खुणा रंगवलेली वेळूची काठी आणली होती. मी ती दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवून आकडा सांगायचा, अशी माझी नेमणूक होती. आठ फूट. सात. सात. मधे आम्ही शेंगापोळी खाल्ली. पक्ष्यांचा थवा डाव्या हाताला आला, इतका जवळ की त्यांच्या काळ्या शेंड्यांच्या वाकड्या चोची दिसत होत्या. दत्ताने शीड ढिलं सोडलं, होडी हळू केली, आणि आम्ही दोघं सत्तरीची माणसं शाळेतल्या मुलांसारखी गप्प बसलो.

वारा इतका हलका होता की पलीकडे पोचायला तीन तास लागले.

"पाच फूट," मी म्हणाले. "साडेचार."

"आता बघ गंमत." दत्ताने चाकाचा दांडा धरला.

टक, टक, टक. पातं वीतभर वर आलं आणि थांबलं.

त्याने पुन्हा जोर लावला. दांडा वाकायला लागला. "चार फूट," मी सांगत होते, "साडेतीन." वारा आम्हाला नेतच होता. दत्ताने घाईघाईने शीड उतरवलं, पण तोवर होडीला खालून कुणीतरी हळूच धरल्यासारखं झालं. ती थोडी कलली आणि उभी राहिली. पातं चिखलात गेलं होतं. काठ दीडशे पावलांवर.

चिखल

पहिली दहा मिनिटं दत्ता कारण शोधत होता. चाक पाहिलं, खिट्टी पाहिली, दोर ओढून पाहिला. मग होडीच्या तळाशी मांडी घालून बसला.

"दोन सूत कमी ठेवली मी फट," तो म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गिरणीतले लोक तशीच मोजतात. "लाकूड पाण्याने फुगणार, हे धरलंच नाही. शिकाऊ पोरगं असली चूक करत नाही."

"दत्ता, पुन्हा एकदा बघ."

"काय बघू? चाळीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं नीट केली. एक स्वतःचं केलं, दोनदा केलं, दोनदा चिखलात. शैला बरोबर म्हणते. त्या माणसाला फोन करतो इथूनच."

त्याने खरोखर खिशातून फोन काढला. मी त्याला म्हटलं, निदान टॉर्च लावून मला पेटीत बघू दे. त्याने फोन माझ्या हातात दिला.

पेटीत पाणी होतं. पाण्याच्या खाली, पातं आणि लाकूड यांच्या मधे, काहीतरी तांबूस, फुगलेलं, चकचकीत दिसलं. ती खारीक होती. रात्री भिजत घातलेल्या खारका सकाळी कशा टम्म होतात ते मी आयुष्यभर पाहत आले आहे. तीन तास पाण्यात राहून त्या फुगल्या होत्या आणि पात्याला दोन्ही बाजूंनी दाबून बसल्या होत्या.

मी लगेच बोलले नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही. लहानपणी दत्ताची गणितं मी तपासायची आणि चुकलेल्या जागी लाल पेन्सिलीने गोल करायची. सत्तर वर्षांत मी त्याच्यासमोर अशी कधी चुकले नव्हते, निदान मला तसं वाटत होतं. मी टॉर्च धरून नुसती बघत राहिले, आणि तो मागे म्हणत होता, "दिसलं ना? लाकूडच फुगलंय." हो म्हटलं असतं तर तो पुढे काही विचारणार नव्हता. होडी रविवारी गेली असती, आणि ती त्याच्या चुकीने गेली असं तो मरेपर्यंत मानत राहिला असता.

"लाकूड नाही," मी म्हणाले. "खारका आहेत. मी सकाळी ओटी भरली. पेटीत."

त्याने स्वतः पेटीत वाकून पाहिलं.

"कुठल्या पेटीत?"

"ह्याच."

"अक्का," तो फार सावकाश म्हणाला, "किती?"

"पाच खारका, पाच सुपाऱ्या, पाच हळकुंडं. तांदूळ खाली पडले, ते कोंबड्यांनी खाल्ले."

"मोजून टाकलेस?"

"मोजूनच आणले होते."

मग तो हसला. आधी नाकातून, मग सगळा हलून, इतका की होडी चिखलात डोलायला लागली. मला रडू आलं होतं, पण त्याच्यापुढे ते टिकेना.

तेवढ्यात हौसाबाईंची पत्र्याची होडी आली. त्या जाळी उचलून परतत होत्या.

"काय ओ काका, हितंच मुक्काम व्हय? दोर टाकू का, वढते?"

"दोर नको," दत्ता एकदम म्हणाला. "दोर लावला तर होडी जाईल माझी." आणि त्याने त्यांना शैलाची अट सांगितली, ओटीचंही सांगितलं.

हौसाबाईंनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज्जी, होडीची ओटी म्होरं टोकाला ठिवत्यात. प्वाटात कोन भरतंय?"

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. काडा आता." त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि जाळ्यातून काटेरी मासे सोडवायचा तारेचा आकडा काढला, हातभर लांब, टोकाला वाकवलेला. दोर नव्हे, आकडा. अटीत आकड्याबद्दल काही नव्हतं.

त्या एका बाजूने आणि दत्ता दुसऱ्या बाजूने, असे ते काम करत होते. मी पदरात मोजून घेत होते. खारका आल्या, पाचही, सालं निघालेल्या. सुपाऱ्या आल्या. हळकुंडं एक, दोन, तीन, चार. हौसाबाई म्हणाल्या, "झालं." दत्ताने दांडा फिरवला. पातं चार बोटं वर आलं आणि पुन्हा अडलं.

दत्ताचा चेहरा परत उतरला. "म्हणजे लाकूडही फुगलंच आहे. खारकांचं निमित्त. मुळात फट कमी."

"एक हळकुंड राहिलंय," मी म्हणाले.

"ते खाली पडलं असेल."

"पडलं नाही. खाली फक्त तांदूळ होते, मी पाहिलंय. पंधरा टाकले, चौदा निघाले. एक आत आहे."

"अक्का, असेल तर हाताला लागलं असतं."

"दत्ता, मोजणं माझं, बांधणं तुझं. तुझं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. काढ."

हौसाबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि आपलं लुगडं आणखी वर खोचून सरळ पाण्यात उतरल्या. कमरेच्या वर पाणी, घोट्यापर्यंत चिखल. त्यांनी होडीखाली हात घातला, मान वर करून आभाळाकडे बघत चाचपडल्या, आणि फटीत मागच्या कोपऱ्यातून आकड्याने काहीतरी खरवडलं. हात वर आला तेव्हा मुठीत चिखल होता आणि चिखलात पिवळं हळकुंड.

"घ्या आज्जी, तुमचा हिशोब."

टक, टक, टक, टक. चाक फिरत राहिलं. पातं चिखलातून चुळ्ळ असा आवाज करत सुटलं, वर आलं, पूर्ण वर, आणि होडी सरळ झाली. दत्ताने शिडाचा कोपरा जरासा उघडला. दीडशे पावलं आम्ही वीतभर पाण्यावरून तरंगत गेलो. होडीचं टोक काठाच्या गवताला लागलं. तो उतरला, एक पाय जमिनीवर ठेवून उभा राहिला, आणि पेटीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाला, "फट बरोबर होती." हे तो मला सांगत नव्हता.

परत

परतीचा वारा चांगला मिळाला, तासाभरात आलो. शैला काठावर उभी होती, एका हातात फोन. तिला सगळं दिसलं होतं, नीट दिसलं नव्हतं एवढंच.

"तासभर तिथे उभे होतात. का?"

दत्ता दोर गुंडाळत म्हणाला, "पक्षी बघत होतो."

तो माझ्यासाठी खोटं बोलला, हे मला कळलं. मला ते आवडलं, पण तसंच ठेवणं बरोबर नव्हतं. मी शैलाला सगळं सांगितलं, पदरातले पंधरा नग दाखवले. ती एकेक पाहत गेली. हळकुंडावर अजून चिखल होता.

"दोर लावला नाही?"

"नाही. हौसाबाईंना विचार."

"वन्सं, तुम्ही सांगितलंत ते पुरे आहे."

नेमका तेव्हाच कोकणातल्या माणसाचा फोन आला. शैलाने स्पीकर लावला, कारण हाताला चिखल लागला होता. तो रविवारी किती वाजता येऊ असं विचारत होता.

"नाही हो," शैला म्हणाली. "होडी आता द्यायची नाही."

"का, दुसरं गिऱ्हाईक मिळालं काय?"

"गिऱ्हाईक नाही. आमच्या वन्संनी तिची ओटी भरली."

 मग तो म्हणाला, "मग प्रश्नच मिटला," आणि शैलाच्या तब्येतीची चौकशी करून त्याने फोन ठेवला.

तिसरी सकाळ

निघायचं होतं म्हणून मी डबे धुऊन भरत होते. दत्ता होडी ट्रेलरवर घ्यायला पाण्याकडे गेला. थोड्या वेळाने बघते तर शैला काठावर, चप्पल हातात घेतलेली, साडी घोट्यावर धरलेली.

"मला एक फेरी मारायची आहे," ती म्हणाली. "पण चिखलात पाय घालणार नाही. आधीच सांगते."

दत्ताने होडीत चढून ती थोडी आत नेली. तो लांबून वळला, पातं वर घेत आला. टक टक आवाज बागेपर्यंत ऐकू येत होता. होडी सरकत सरकत अगदी काठाला आली, इतकी जवळ की तिच्या खालच्या पाण्यात बेडकाचं पिल्लू उभं राहिलं असतं. त्याने हात पुढे केला. शैलाने कोरड्या गवतावरून सरळ होडीत पाऊल टाकलं, बसली, आणि साडी नीट करून विचारलं, "आता हे चाक कुठल्या बाजूला फिरवायचं?"